ओलिसाची सही

इ. स. १७७९ च्या जानेवारी महिन्यांत मावळांत वडगांव येथें मुंबईकर इंग्रजांच्या फौजेची जी कोंडी झाली, तिची हकीकत मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. रघुनाथरावांस पुण्यास नेऊन बसविण्याच्या हेतूनें घाट चढून आलेली ही फौज तळेगांवापर्यंत पोंचली. ११ जानेवारीच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत टाकून ती मागें फिरली. आणि वडगांवीं चोहोंकडून वेढली जाऊन तिला तह करणें भाग पडलें. साष्टी व १७७३ नंतर घेतलेला इतर मुलूख परत करावा, बंगालहून येणारी फौज थोपवावी, रघुनाथरावांस स्वाधीन करावें, अशीं त्या तहाचीं मुख्य कलमें आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतात. परंतु ह्या शर्ती पुऱ्या होईपर्यंत तारण म्हणून इंग्रजांनीं आपले दोन इसम शिंद्यांच्या छावणींत ठेविले होते, ही गोष्ट बहुधा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. त्यांपैकीं एक फार्मर व दुसरा लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट. (हा स्टुअर्ट म्हणजे आपला 'इष्टुर फाकडा' नव्हे; तो त्यापूर्वीं थोडे दिवस कार्ल्याजवळ पडला होता.) ह्या दोघांचें पुढें काय झालें, असें विचारणारा विद्यार्थी आम्हांस इतक्या वर्षांच्या अध्यापनांत क्वचितच भेटला.

प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. कारण वडगांवचा तह इंग्रजांनीं पाळला नाहीं. असा तह करण्याचा अधिकारच त्या सेनानायकांस नव्हता, अशी सबब पुढें करून मुंबईकरांनीं तो नाकारला. कलकत्तेकरांनींही तो मानला नाहीं. बंगालची फौज घेऊन निघालेला गॉडर्ड थांबण्याऐवजीं सुरतेस येऊन दाखल झाला. रघुनाथराव शिंद्यांच्या स्वाधीन झाले खरे, पण वाटेंतून निसटून तेही पुनः इंग्रजांच्या आश्रयास गेले. तारण ठेवणारानें शब्द मोडला, म्हणजे तारण बुडालें, असा सावकारीचा न्याय आहे. तो येथें लावला असता, तर फार्मर व स्टुअर्ट ह्यांचे प्राण शिंद्यांच्या हातीं आयते सांपडले होते. पण तसें झालें नाहीं. १७८० सालीं महादजी शिंद्यांनीं त्या दोघांस सुखरूप गॉडर्डकडे परत पाठविलें. ह्यांत निव्वळ औदार्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. इंग्रजांशीं स्वतंत्र बोलणें लावण्याचा महादजींचा हेतू त्यांत उघड दिसतो. तरीपण मुंबईच्या कौन्सिलानें मोडलेल्या शब्दाची शिक्षा ह्या दोघांस भोगावी लागली नाहीं, एवढें निर्विवाद आहे.

हा प्रसंग आज आठवण्याचें कारण असें कीं, जुन्या कागदपत्रांची भाषा व आजच्या वर्तमानपत्रांची भाषा ताडून पाहिली, तर 'ओलीस' ह्या शब्दाबरोबर येणारें क्रियापद बदललेलें आढळतें. पूर्वीं ओलीस देत आणि ठेवीत. आज ओलीस धरतात. पूर्वीं जें तहाचें एक सभ्य कलम होतें, तें आज जगांतील बहुतेक कायद्यांत घोर गुन्हा ठरलें आहे. हा पालट कसा झाला, आणि तो होतांना ज्याचा जीव तारण म्हणून ठेविला जातो त्या माणसाकडे कायद्यानें कितपत पाहिलें, ह्याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, जुन्या काळचें 'देणें' हें ऐकावयास वाटतें तितकें सौम्य नव्हतें. ह्याचें उदाहरण शोधावयास आपल्याला दूर जावयास नको. १६८९ सालीं रायगड पडला, तेव्हां संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई व बाळ शाहू औरंगजेबाच्या कैदेंत गेले. १७०७ सालीं औरंगजेब वारला व आझमशहानें शाहूस सोडून दिलें. पण येसूबाईंस आणि कुटुंबांतील इतर माणसांस मागें ठेवून घेतलें. शाहू स्वराज्यांत जाऊन बादशाहीशीं इमानानें वागेल, ह्याचें तें तारण होतें. म्हणजे त्या दिवसापर्यंत ज्या कैदी होत्या, त्या त्या दिवसापासून ओलीस झाल्या. पुढें बारा वर्षें, बाळाजी विश्वनाथ १७१९ सालीं सनदा घेऊन दिल्लीहून परत येईपर्यंत, ही स्थिति पालटली नाहीं. त्यांच्या आयुष्याचीं तीस वर्षें परक्याच्या पहाऱ्यांत गेलीं. त्या अवधींत साताऱ्यास शाहू महाराजांनीं जें जें केलें, त्याचा बोजा दिल्लीस बसलेल्या मातेच्या शिरावर होता. मुलगा कोणत्या मोहिमेस निघाला, कोणत्या सरदारास त्यानें आश्रय दिला, हें तिला विचारून थोडेंच होणार! पण त्याचें उत्तर तिला द्यावें लागलें असतें.

दुसरें उदाहरण श्रीरंगपट्टणचें. १७९२ सालीं कॉर्नवॉलिस, निजाम व मराठे ह्या तिघांच्या फौजांनीं टिपू सुलतानास त्याच्या राजधानींत कोंडलें. अर्धें राज्य, तीन कोटी तीस लक्ष रुपये आणि सर्व युद्धकैदी परत देण्याचें त्यानें कबूल केलें. आणि हें सर्व पुरें होईपर्यंत आपले दोन मुलगे ओलीस म्हणून स्वाधीन केले. २६ फेब्रुवारी रोजीं सुमारें दहा वर्षांचा अब्दुल खालिक व आठ वर्षांचा मुइझुद्दीन हत्तींवरून इंग्रजी छावणींत आले. तोफांची सलामी झाली, कॉर्नवॉलिसनें त्यांस पित्यासारखें जवळ घेतलें, आणि ह्या देखाव्याचीं चित्रें काढण्याची इंग्रज चित्रकारांत जणूं अहमहमिका लागली. रॉबर्ट होम, मेदर ब्राऊन आदिकरून कित्येकांनीं तीं काढिलीं. त्यांत सेनापतीची दया दिसते, मुलांचे भरजरी पोशाख दिसतात. परंतु बापानें पैसे न दिल्यास ह्या मुलांचें काय करावयाचें ठरलें होतें, हें कोणत्याही चित्रांत दिसत नाहीं. सुदैवानें तो प्रसंग आला नाहीं. मुलांस मद्रासेस ठेवण्यांत आलें व १७९४ सालीं तीं बापास परत मिळालीं. ह्या तहांत मराठे इंग्रजांचे भागीदार होते, म्हणून त्या मुलांच्या तारणाचा वांटा आपल्याही पूर्वजांकडे जातो, हें विसरून चालावयाचें नाहीं.

युरोपांतही हीच रीत होती. १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहानें इंग्लंडनें अमेरिकेंतील केप ब्रेटन बेट फ्रान्सला परत देण्याचें कबूल केलें, आणि तें हातीं पडेपर्यंत दोन इंग्रज लॉर्ड पॅरिसमध्यें ओलीस म्हणून राहिले. तेथें त्यांच्या सन्मानांत कांहीं उणें पडलें नसावें. परंतु ह्या रीतीमागचें तत्त्व काय, ह्याचा खल त्यापूर्वींच, १६२५ सालीं, ह्यूगो ग्रोशियस ह्या डच पंडितानें युद्ध व शांतता ह्यांच्या कायद्यावरील आपल्या ग्रंथांत केला होता. राष्ट्राराष्ट्रांत चालत आलेल्या रूढीप्रमाणें ओलिसाचा जीव घेतां येतो, हें त्यास नाकारतां आलें नाहीं. परंतु ओलिसाचा स्वतःचा कांहीं अपराध असल्यावांचून असें करणें न्यायाला धरून नाहीं, असें त्यानें स्पष्ट म्हटलें. रूढि एकीकडे व न्याय दुसरीकडे, अशी ही ओढाताण पुढें सव्वातीनशें वर्षें चालली.

एकोणिसाव्या शतकांत तहाला तारण म्हणून माणसें देण्याची चाल मागें पडली. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं, १८६३ सालीं, फ्रान्सिस लीबर ह्यानें संघराज्याच्या सैन्यासाठीं जे नियम तयार केले, त्यांत ओलीस ही गोष्ट आतां विरळ झाल्याची नोंद असून, ओलीस स्वीकारल्यास त्याच्या दर्जास शोभेल अशा रीतीनें युद्धकैद्याप्रमाणें त्यास वागवावें, असें सांगितलें आहे. वाचणारास वाटावें कीं, चला, एक रानटी चाल आपोआप नाहींशी झाली!

पण चाल नाहींशी झाली नव्हती. तिनें वेष पालटला होता. दिलेला ओलीस गेला आणि धरलेला ओलीस आला. १८७० च्या युद्धांत फ्रान्समध्यें शिरलेल्या जर्मन सैन्यानें रुळांवर घातपात होऊं नये म्हणून गांवोगांवचे प्रतिष्ठित नागरिक आगगाड्यांवर बसविले. १८७१ सालीं पॅरिसच्या कम्यूननें तेथील आर्चबिशप दार्ब्वा ह्यास ओलीस धरलें, त्याच्या मोबदल्यांत ब्लांकी ह्या आपल्या पुढाऱ्याची मागणी केली, आणि सरकारनें ती नाकारल्यावर व पॅरिस पडूं लागल्यावर २४ मे रोजीं त्यास गोळ्या घालून मारलें. १९०० सालीं दक्षिण आफ्रिकेंत लॉर्ड रॉबर्ट्सनें बोअर नागरिकांस गाड्यांवर बसविण्याचा तोच जर्मन कित्ता गिरविला. गवगवा झाल्यावर तो हुकूम मागें घ्यावा लागला. ह्या प्रत्येक ठिकाणीं एक गोष्ट समान आहे. राजपुत्र व सरदार ह्यांच्या जागीं आतां गांवचा मनुष्य आला. त्याला देणारा कोणी राहिला नाहीं, आणि तो परत करण्याची मुदतही कोणी लिहून ठेवीनासें झालें.

ह्या उतरंडीचा तळ १९४१ सालीं सर्बियांत दिसला. एका जर्मन सैनिकाच्या वधाबद्दल पन्नास ते शंभर इसम मारावे, असा हुकूम त्या वर्षीं १६ सप्टेंबर रोजीं कायटेलनें काढला. पुढच्याच महिन्यांत क्रागुयेवात्स ह्या एका शहरांत दोन हजारांहून अधिक माणसें धरून मारण्यांत आलीं. त्यांत शाळेंतील विद्यार्थी होते व त्यांचे शिक्षकही होते. महायुद्ध संपल्यावर फील्डमार्शल लिस्ट व इतर सेनानी ह्यांच्यावर नुरेंबर्ग येथें जो खटला झाला, तो 'ओलिसांचा खटला' म्हणूनच प्रसिद्ध आहे. १९४७ च्या जुलैंत तो सुरू झाला व १९ फेब्रुवारी १९४८ रोजीं त्याचा निकाल लागला. दहा आरोपींपैकीं दोघे सुटले, आठ दोषी ठरले, लिस्ट व कुंट्झे ह्यांस जन्मठेप झाली.

परंतु ह्या निकालांतील एक भाग वाचतांना आजही मन अस्वस्थ होतें. न्यायाधीशांनीं ह्या प्रथेस रानटी काळचा अवशेष म्हटलें. तथापि कायदा जसा असावा तसा नव्हे, तर जसा आहे तसा लावणें हें आपलें काम, असें म्हणून त्यांनीं असेंही सांगितलें कीं, इतर सर्व उपाय थकल्यावर, रीतसर चौकशी करून, अत्यंत कडक मर्यादा पाळून ओलिसास मारणें त्या वेळच्या कायद्यानें अगदींच निषिद्ध नव्हतें. आरोपी दोषी ठरले ते त्या मर्यादा त्यांनीं धाब्यावर बसविल्या म्हणून. ग्रोशियसला जी रूढि नाकारतां आली नव्हती, ती नुरेंबर्गच्या न्यायासनासही नाकारतां आली नाहीं! आणि जन्मठेपेची सजा झालेला लिस्ट प्रकृतीच्या कारणास्तव १९५२ सालीं सुटून पुढें १९७१ पर्यंत जगला.

ह्या निकालानंतर दीड वर्षांत, १२ ऑगस्ट १९४९ रोजीं, जिनीव्हा येथें नागरिकांच्या संरक्षणाचा करार झाला. त्याच्या चौतिसाव्या कलमांत ओलीस धरण्यास मनाई केली आहे. तें कलम अवघ्या एका वाक्याचें आहे. त्यास अपवाद नाहीं, अट नाहीं, 'परंतु' नाहीं. ठार मारणेंच नव्हे, तर नुसतें धरणेंच निषिद्ध झालें. त्याच कराराच्या तिसऱ्या कलमानें देशांतर्गत यादवीसही तोच नियम लागू केला.

एवढ्यानें काम भागलें नाहीं. कारण जिनीव्हाचा करार युद्धापुरता होता. शांततेच्या काळांत ओलीस धरणारांची नवी पिढी पुढें आली होती. ४ नोव्हेंबर १९७९ रोजीं तेहरानमधील अमेरिकन वकिलातींतील माणसें धरण्यांत आलीं आणि त्यांपैकीं बावन्न जण ४४४ दिवस कोंडलेले राहिले. ते कोंडलेले असतांनाच, १७ डिसेंबर १९७९ रोजीं, संयुक्त राष्ट्रांनीं ओलीस धरण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संमत केला. ह्या करारानें गुन्ह्याची व्याख्या नीट बांधून दिली: एका मनुष्यास धरून किंवा अडकवून ठेवून, त्यास मारण्याची, इजा करण्याची वा तसेंच अडकवून ठेवण्याची धमकी देणें, आणि ती कशासाठीं, तर कोणा तिसऱ्यास कांहीं करावयास अथवा न करावयास भाग पाडण्यासाठीं. आरोपी ज्या देशांत सांपडेल त्या देशानें एक तर त्याच्यावर खटला चालवावा, नाहीं तर त्यास मागणाऱ्या देशाच्या हवालीं करावें, असें बंधनही त्यांत घातलें. हिंदुस्थान ह्या करारांत १९९४ सालीं सामील झाला.

व्याख्येंतील ह्या 'तिसऱ्या'कडे वाचकांनीं लक्ष द्यावें. धरणारा पहिला, धरलेला दुसरा. आणि सर्व खटाटोप चालतो तो तिसऱ्यासाठीं. चोर घरांत शिरतो तो धन्याच्या मालासाठीं, मारेकरी वार करतो तो त्याच मनुष्याच्या द्वेषानें. ओलिसाशीं मात्र धरणाराचें कांहींच वैर नसतें. त्याचें नांवही बहुधा ठाऊक नसतें. दुसऱ्याच्या दारावर मारावयाची ती एक थाप असते. ह्यामुळें कायदाही पुष्कळदां त्या तिसऱ्याच्याच बाजूनें विचार करूं लागतो. सरकारवर दबाव आला, राज्यसत्तेची अप्रतिष्ठा झाली, म्हणून शिक्षा जबर पाहिजे! आणि थाप मारतांना ज्याच्या अंगावर घाव बसतो, तो मध्यें विसरला जातो.

आपल्या देशांतील कायद्याकडे ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १८६० च्या दंडसंहितेंत मनुष्य पळविण्याचे निरनिराळे प्रकार होते. परंतु त्याला धरून दुसऱ्यास धमकावणें असा वेगळा गुन्हा नव्हता. १९९३ सालीं ३६४-अ हें कलम नव्यानें घालण्यांत आलें. मनुष्यास पळवून, मृत्यूची वा इजेची धमकी देऊन, सरकारास किंवा इतर कोणास कांहीं करावयास अथवा खंडणी देण्यास भाग पाडणें, ह्यास त्यानें फांशी किंवा जन्मठेप आणि शिवाय दंड ठरविला. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता आली. तिच्या १४० व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत हीच तरतूद कायम आहे.

आतां खुनाची शिक्षा काय? तीही फांशी किंवा जन्मठेप आणि दंड. म्हणजे मुलास पळवून खंडणी मागणारा व त्या मुलास ठार मारणारा, हे दोघे कायद्यानें एकाच पायरीवर उभे केले. येथें आम्हांस मेकॉलेचें स्मरण होतें. १८३७ सालीं दंडसंहितेचा मूळ मसुदा करणाऱ्या मंडळानें दरोडा आदि गुन्ह्यांस फांशी कां ठेविली नाहीं, ह्याचें कारण टिपणांत दिलें आहे. लुटणारास व मारणारास सारखीच शिक्षा ठेविली, तर लुटणारास मारण्यापासून परावृत्त करणारें कांहींच उरत नाहीं, उलट साक्षीदार नाहींसा होण्याचा लाभ दिसतो. आणि लोकांचा जीव अधिक सुरक्षित होण्याऐवजीं कमी सुरक्षित होतो, असा त्यांचा अभिप्राय होता. मेकॉलेच्या इतर पुष्कळ मतांचा आम्हांस तिटकारा आहे, पण ह्या मताचें खंडन अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं.

२०१५ सालीं अपहृत मुलाचा खून झालेल्या एका खटल्यांत ३६४-अ कलमाच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. न्यायालयानें कलम वैध ठरविलें. फांशी अत्यंत विरळ प्रसंगींच द्यावयाची असल्यानें न्यायाधीशाच्या हातीं निवड उरते, हें त्यांतील एक कारण. २०२१ सालीं दुसऱ्या एका खटल्यांत त्याच न्यायालयानें असें ठरविलें कीं, मनुष्यास पळविलें व खंडणी मागितली एवढ्यानें हें कलम लागत नाहीं. मृत्यूची वा इजेची धमकी, अथवा तशी वाजवी भीति उत्पन्न करणारें वर्तन सिद्ध झालें पाहिजे. त्या खटल्यांत तें सिद्ध न झाल्यामुळें आरोपीची जन्मठेप जाऊन साध्या अपहरणाची सात वर्षांची शिक्षा उरली. कित्येकांस हा निर्णय फार सौम्य वाटला. आम्हांस त्यांत एक शहाणपण दिसतें. ओलिसास ज्यानें नीट वागविलें त्याचा व ज्यानें छळिलें त्याचा हिशेब वेगळा मांडला जातो, हें धरणारास ठाऊक असणें ओलिसाच्या हिताचें आहे. २०१६ च्या विमान-अपहरणविरोधी कायद्यानें हीच पायरी राखली आहे: अपहरणांत ओलिसाचा किंवा सुरक्षारक्षकाचा बळी गेल्यास फांशी, नाहीं तर आमरण कैद. १९९९ च्या डिसेंबरांत कंदाहारला नेलेल्या विमानाचा अनुभव त्या कायद्यामागें होता. त्या वेळीं एका प्रवाशाचा खून झाला, आणि बाकीच्यांस सोडविण्यासाठीं सरकारनें तीन कैदी मुक्त केले. तें योग्य झालें कीं अयोग्य, ह्यावर आजही घरोघर वाद होतात.

त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. दोन्ही बाजूंस वजन आहे. आज सोडलेला कैदी उद्यां दुसरे ओलीस धरील, ही भीति खोटी नव्हे. पण वाद घालणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९७९ च्या कराराच्या तिसऱ्या कलमांत, ज्या देशांत ओलीस अडकले असतील त्या देशानें त्यांचे हाल कमी करण्याचे व त्यांची सुटका करविण्याचे सर्व उचित उपाय योजावे, असें सांगितलें आहे. आणि हें सांगणें आरोपींस पकडण्याच्या तजविजीआधीं आलें आहे. हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. शिक्षेची कठोरता, वाटाघाटींतील ताठरपणा किंवा नमतें घेणें, ह्या सर्वांस एकच कसोटी लावावी, कीं आंत बसलेला मनुष्य त्यामुळें घरीं येण्याचा संभव वाढतो कीं घटतो.

वडगांवच्या तहावर इंग्रजांची सही होती, श्रीरंगपट्टणच्या तहावर टिपूची होती, शाहूची सुटका आझमशहाशीं ठरली होती. फार्मर, स्टुअर्ट, तीं दोन मुलें व येसूबाई ह्यांची सही त्यांपैकीं कशावरही नव्हती. बोजा मात्र त्यांनीं वाहिला. आतां ओलीस 'देण्या'चा तह कोणी करीत नाहीं, हें चांगलेंच झालें. परंतु पुढच्या वेळीं असा एखादा प्रसंग ओढवेल व आपण वर्तमानपत्र हातीं घेऊन सरकारनें काय करावें हें ठरवूं लागूं, तेव्हां ज्याची सही घेतां येत नाहीं अशा एका मनुष्याच्या वतीनें आपण बोलत आहों, एवढें भान ठेवलें तरी पुरें. तेवढें भान १७८० सालीं शिंद्यांच्या छावणींत, कोणत्याही हेतूनें कां होईना, राहिलें होतें, आणि म्हणूनच फार्मर व स्टुअर्ट परत गेले.